पंचेचाळीस चात्या आणि वरची एक

प्रिय ईशान आणि तारा,

गेल्या रविवारी फोनवर ताराने विचारलं, आजी, तुझ्या मागे कपाटावर पेल्यात उभी केलेली ती काठी कसली? मी म्हटलं, काठी नव्हे ती, चाती. ईशानने लगेच विचारलं की चाती म्हणजे काय, आणि मी उत्तराला सुरुवात करणार एवढ्यात तुमची पोहण्याच्या क्लासला निघायची वेळ झाली. प्रश्न अर्धवट राहिला की मला अन्न गोड लागत नाही. शिवाय ज्यांच्यामुळे ती चाती माझ्याकडे आली, त्या ओव्हाळताई मागच्या महिन्यात लोणी काळभोरला लेकीच्या घरी वारल्या. तेव्हा उत्तर आता लिहूनच पाठवते. आई तुम्हाला वाचून दाखवेल. तिने मधली पानं गाळली तर मला सांगा. पानांवर मी आकडे घातले आहेत.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी कसबा पेठेतल्या एका बालवाडीच्या संस्थेची चिटणीस झाले. चिटणीस म्हणजे सभांची टिपणं लिहायची, किल्ल्या सांभाळायच्या, आणि हरवलेल्या वस्तू लेबल लावून डब्यात ठेवायच्या. हे तिसरं काम मला फार आवडे. बालवाडीत माँटेसरीच्या पद्धतीने शिकवत. पद्धत परदेशातली होती, साहित्य कसब्यातल्या कारागिरांनी घडवलेलं होतं आणि शिस्त तिथल्या शिक्षिका ओव्हाळताईंची होती.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले ती तडक खिडकीकडे निघाले, कारण तिचं दार वाऱ्याने आपटत होतं. वाटेत एक मुलगा छोटी चटई अंथरून, एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत ओतत होता. मी चटई ओलांडली. मागून आवाज आला, "मॅडम, मागे जा आणि वळसा घालून या."

तीस वर्षं मी मुलांना वर्गाबाहेर काढलं होतं; मला मागे पाठवणारं कुणी भेटलं नव्हतं. मी मागे गेले आणि वळसा घालून आले. तोवर खिडकी आणखी दोनदा आपटली. ओव्हाळताईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. चटई म्हणजे त्या मुलाचं घर, आणि दुसऱ्याच्या घरातून कुणी चालत जात नाही, असं त्यांनी मला नंतर समजावलं. नंतर म्हणजे राजमा ओतून संपल्यावर. तोपर्यंत मी उभी होते.

ताई म्हणजे ठेंगणी, भरलेली मूर्ती. कडक इस्त्रीची सुती साडी, पदर पिनने टाचलेला, चष्म्याला काळी दोरी. हडपसरहून बसने येत. माहेरही तिथलंच. वडील एका कारखान्याच्या गोदामात होते. लहानपणी खेळणी म्हणून घरात नट आणि बोल्टच असत; कुठला नट कुठल्या बोल्टला बसतो हे लावत बसायचं. वडिलांनी धम्म स्वीकारला तो ताईंच्या जन्माआधी. पोरींनी शिकायचं, हा त्या घरातला एकमेव हुकूम होता. शिकताना ताई गणितात मात्र काठावर पास झाल्या. हे त्या लपवत नसत. उलट नव्या पालकांना पहिल्याच सभेत सांगत. एका आईने बिचकून विचारलं होतं की मग तुम्ही गणित कसं शिकवता. ताई म्हणाल्या, "ज्याला जन्मतः पोहता येतं त्याला बुडणाऱ्याचं काय कळणार?"

त्या कधी कुणाला शाब्बास म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. मुलाने काम पुरं केलं की त्या विचारत, "झालं?" मूल म्हणे, झालं. मग त्या म्हणत, "मग ठेव जागेवर." चूक झाली तरी चूक म्हणत नसत, "परत बघ," एवढंच. सामान आपली चूक आपण सांगतं, मी कशाला चोंबडेपणा करू, असा त्यांचा हिशेब. आणि प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी उचलायची. हे त्यांच्या इतकं अंगात भिनलं होतं की मंडईतून भाजीची पिशवीसुद्धा त्या पोटाशी दोन्ही हातांनी धरून आणत, ताट आणावं तशी. संस्थेच्या हळदीकुंकवाला आल्या तेव्हा कार्यक्रम संपल्यावर बायका निरोप घेत असताना त्यांनी सतरंजीची गुंडाळी करायला घेतली. सतरंजीवर अजून दोघी बसल्या होत्या.

आता गणित. तुमच्याकडे ते टॅबलेटवर येतं, ताराने मला दाखवलं आहे. बरोबर उत्तराला एक ससा टाळ्या वाजवतो. ओव्हाळताईंच्या वर्गात ससा नव्हता. आकडे होते ते पॉलिश कागदाचे, पाटीवर चिकटवलेले, खरखरीत. मुलं डोळे मिटून त्यांच्यावरून बोटं फिरवत. एक मणी हातात देत, मग दहा मण्यांचा सर, मग शंभराची चौकट, आणि शेवटी हजार मण्यांचा ठोकळा, जो उचलताना चार वर्षांचं मूल कण्हत असे. हजार जड असतो हे मला तिथे कळलं. तोपर्यंत मी तो फक्त लिहिला होता.

हे सगळं लाकडी सामान बनवून देत ते कातारी नाना. कातारी म्हणजे लाकूड यंत्रावर फिरवून गोल घडवणारा. पलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं; पोळपाट, लाटणी, पाळण्याचे खांब, भोवरे. माणूस देवभोळा, प्रेमळ आणि स्वतःच्या मताचा. ओव्हाळताईंबद्दल त्यांना अतोनात आदर होता, आणि त्या आदरापायी त्यांनी ताईंचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नसेल.

एकदा ताईंनी त्यांच्याकडे मोजायच्या दहा लाल-निळ्या दांड्या करायला दिल्या. पहिली चार बोटं धरली तर दुसरी तिच्या दुप्पट, तिसरी तिप्पट, अशा चढत्या. शिडीसारख्या रचल्या की मुलाला दिसतं, चार हे तीनपेक्षा किती मोठं ते. नानांनी माप घेतलं, मान डोलावली, आणि दोन आठवड्यांनी दहाच्या दहा दांड्या अगदी एका लांबीच्या करून आणल्या. रंग मात्र सुरेख दिला होता.

ताईंनी त्या चटईवर ओळीने मांडल्या.

"बाई, तुम्ही सांगितल्या तशा केल्या असत्या तर नऊ दांड्यांत लाकूड मारलं असं लोक म्हणाले असते," नाना म्हणाले. "माझं नाव जातं. मी सगळ्या मोठ्या मापाच्या केल्या. जास्तीचं लाकूड माझ्याकडून."

"चांगलं केलंत, नाना," ताई म्हणाल्या. "या महिन्यात मी मुलांना लोकशाही शिकवते. गणित पुढच्या महिन्यात घेऊ."

नाना खूश होऊन गेले. त्या दांड्या खरंच महिनाभर वर्गात राहिल्या. सर्वांत लांब कुठली ते शोध, असं ताई नव्या मुलांना सांगत, आणि मुलं तासन् तास शोधत. मी म्हटलं, हे बरं नव्हे. त्या म्हणाल्या, "मॅडम, एवढं निरखून ती उभ्या जन्मात काही बघणार नाहीत. बघू द्या." दुसऱ्यांदा केलेल्या दांड्या मात्र त्यांनी नानांसमोर बसून करून घेतल्या.

नानांचा दुसरा दोष याहून मोठा. मोजकं द्यायचं नाही. त्यांच्या वडिलांनी दिलं नव्हतं, आजोबांनी दिलं नव्हतं. गिऱ्हाइकाने बारा भोवरे मागितले की तेरा. वरचा एक दिला नाही तर लक्ष्मी रुसते. आणि ओव्हाळताई तर वरचं काही घेतच नसत. भाजीवाल्याने पिशवीत सवयीने कोथिंबीर टाकली तर ती काढून परत ठेवत. "मागितली नव्हती," म्हणत. मंडईत दोन भाजीवाल्या त्यांना बघून तोंड फिरवायच्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

चात्यांची गोष्ट इथून सुरू होते. बोटाएवढी जाड, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती लाकडी दांडी म्हणजे चाती. सूत कातायच्या चातीसारखी, म्हणून नाव तेच. त्यांच्यासाठी एक पेटी असते, तिला दहा खण. खणांवर शून्य ते नऊ आकडे. एकच्या खणात एक चाती, दोनच्या खणात दोन, असं नऊपर्यंत. एकूण लागतात पंचेचाळीस. सगळे खण भरले की टोपली रिकामी व्हायला हवी. टोपलीत काही उरलं किंवा कमी पडलं, की समजायचं कुठेतरी मोजायला चुकलं. कुणी सांगायला नको. आणि शून्याच्या खणात काहीच नसतं. मुलं त्या खणावरून नुसता तळवा फिरवून पुढे जातात. दहातला हा एक रिकामा खण ओव्हाळताईंना बाकी नऊंपेक्षा प्रिय होता. रोज सकाळी तो त्या आधी पुसत.

शून्यासाठी त्यांचा एक खेळही होता. घडी घातलेल्या चिठ्ठ्या उचलायच्या, आतला आकडा कुणाला सांगायचा नाही, आणि तेवढ्या वस्तू वर्गातून आणून आपल्यापुढे ठेवायच्या. एका चिठ्ठीत शून्य असे. ज्याला ती येई त्याने बाकीची मुलं चपला, खडे, पेन्सिली गोळा करत हिंडत असताना, स्वस्थ, रिकाम्या हातांनी बसून राहायचं. चार वर्षांच्या मुलाला हे हजाराचा ठोकळा उचलण्यापेक्षा जड जातं. एकदा मला खेळायला बसवलं आणि नेमकी शून्याची चिठ्ठी आली. मी बसले होते तशी. पण शेजारी एक खडू पडला होता आणि पडलेली वस्तू मला बघवत नाही. मी तो उचलून ठेवला. सगळ्या वर्गाने माझ्याकडे बघितलं. एक मुलगी हळू म्हणाली, "आजी, परत बघा."

तर त्या वर्षी आमच्या बालवाडीवर संकट आलं. संस्थेचे अध्यक्ष अप्पा, निवृत्त इंजिनिअर, यांच्याकडे एक अबॅकसचे क्लास घेणारे गृहस्थ येऊन गेले. त्यांना खोली हवी होती, आणि ओव्हाळताईंची खोली सर्वांत हवेशीर. अप्पांनी सभेत विचारलं की या खोलीत नेमकं काय चालतं. मी टिपण लिहीत होते. कुणाला नीट सांगता येईना.

त्यातच सईच्या बाबांची तक्रार आली. सई साडेचार वर्षांची, कसब्यातच आजोबांकडे राही. बाबा निखिल हडपसरला आयटीत. सभ्य मुलगा. त्याने पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलं की शेजारची मुलं शंभरपर्यंत म्हणतात, लिहितात, आणि आमची मुलगी शाळेत जाऊन तांदळातला राजमा निवडते; ते तर आजीसुद्धा घरी शिकवेल. ग्रुपवर बरेच अंगठे वर आले. मग तो ताईंना भेटायला आला. मी कपाट लावत होते म्हणून ऐकलं.

"मॅम, इश्यू पर्सनल नाहीये," निखिल म्हणाला. "पण आउटपुट काय? सईला शंभरपर्यंत येतं, मी घरी ॲपवर घेतो. इथे ती एकही आकडा बोलत नाही."

ताईंनी सईला हाक मारली. शंभरपर्यंत म्हण म्हणाल्या. सईने एका दमात म्हटलं, सत्तरच्या घरात दोन आकडे गाळले, पण वेग उत्तम होता. निखिल हसला.

"आता सात चमचे घेऊन ये," ताई म्हणाल्या.

सई गेली, आणि सगळा चमच्यांचा डबाच घेऊन आली. दोन्ही हातांनी, हे मात्र खरं.

"शंभर तोंडाला आले आहेत," ताई निखिलला म्हणाल्या. "सात हाताला यायचे आहेत. हाताला उशीर लागतो. तुम्हाला घाई असेल तर तिला घेऊन जा, पण मग तिला तोंडानेच चमचे आणायला शिकवा."

असं बोलायला नको होतं. निखिलचे कान लाल झाले, आणि आठवड्याभरात पाच पालकांचं पत्र अप्पांकडे गेलं. अप्पांनी निर्णय दिला: शनिवारी पालकांना बोलवा, मुलांना काय येतं ते दाखवा. पालकांचं समाधान झालं तर वर्ग राहील. नाही झालं तर नव्या सत्रापासून खोली अबॅकसला, आणि मुलं शेजारच्या मोठ्या वर्गात, बाकांवर. ओव्हाळताईंना आम्ही कार्यालयात सामावून घेऊ, असंही ते म्हणाले. कार्यालय म्हणजे मी आणि एक टेबल.

ताई एवढंच म्हणाल्या की मुलांची तालीम घेणार नाही. मी सुचवलं, निदान एखादं गाणं बसवा, एक ते दहाचं, हातवाऱ्यांसकट. पालकांना बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, पालकांना बरं वाटायला दवाखाने आहेत." आणि कामाला लागल्या. पण त्या आठवड्यात त्या रोज एक बस आधीची पकडून येत, आणि मी दार उघडायला जाई तेव्हा पायरीवर बसलेल्या असत. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर.

त्यात रंगारी आले. शनिवारसाठी भिंती नीट दिसाव्यात म्हणून अप्पांनीच पाठवले होते. दुसऱ्या दिवशी ताईंना चात्यांच्या टोपलीत डिस्टेंपरने माखलेल्या चात्या सापडल्या. रंगाऱ्यांनी डबे ढवळायला वापरल्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हडपसर बाहेर आलं. "अक्कल हाय का नाय," एवढंच ऐकू आलं. मग पदर खोचून त्या नानांच्या दुकानी गेल्या.

नानांनी काम बाजूला ठेवून चात्या केल्या आणि शनिवारी सकाळी टोपली घेऊन स्वतः आले. पालक यायला लागले होते. ताईंनी दारातच मोजून घेतल्या. पंचेचाळीस झाल्यावर टोपलीत एक उरली. ती त्यांनी नानांच्या हातावर ठेवली. नाना म्हणाले, बाई, आजच्या दिवशी तरी मोजकं नको, शुभकार्य आहे. ताई म्हणाल्या, नाना, आजच्या दिवशी तर मोजकंच. एवढ्यात अप्पा आले आणि ताई त्यांना घ्यायला पुढे गेल्या. नानांनी टोपली फळीवर नेऊन ठेवली. काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. मी आत चटया मांडत होते, मला काही दिसलं नाही.

पालक भिंतीला टेकून जमिनीवर बसले. अप्पांना गुडघ्यामुळे मुलांची बुटकी खुर्ची दिली. त्यात ते बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. ताईंनी सांगितलं की मुलं रोजचं काम करतील, कुणी बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. मग त्या हात मागे बांधून कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

मुलं आपापल्या फळीकडे गेली. कुणी मणी घेतले, कुणी खरखरीत आकडे. सई उठली, तिने चटई अंथरली, पेटी आणली, टोपली आणली. निखिल पुढे सरकून बसला.

सईने शून्याच्या खणावरून तळवा फिरवला. मग एक. मग दोन. चात्या आधी हातात मोजून घ्यायच्या, मूठ भरते का बघायचं, मग खणात. सातला मूठ पुरेना, तेव्हा तिने दुसरा हात लावला. आठ. नऊ. एव्हाना सगळे तिच्याकडेच बघत होते. तिने टोपलीत हात घातला, आणि एक चाती उरली होती.

खोलीत एक आई हळूच 'अगंबाई' म्हणाली. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तसाच होता. फक्त मागे बांधलेले हात सुटून पुढे आले होते. त्या एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. सामान बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. पण आज सामान खोटं बोलत होतं, आणि ते ठाऊक असणाऱ्या दोघीच खोलीत होत्या. दुसरी मी, तीही अंदाजाने.

सईने सगळ्या चात्या काढल्या आणि पहिल्यापासून मोजल्या. पुन्हा एक उरली.

निखिलला राहवलं नाही. "सई," तो कुजबुजला, "शून्यात टाक ना ती. तिकडे जागा आहे बघ."

सईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, तिथं काही नसतं," ती म्हणाली.

"अगं, पण उरलीय तर..."

"तिथं काही नसतं," ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, कारण बाबांना पहिल्यांदा ऐकू गेलं नसावं.

मग निखिल गुडघ्यांवर रांगत चटईपाशी आला. त्याने सहाचा खण मोजला. बरोबर. दुसरे एक बाबा आले, ते म्हणाले, आठात सात दिसतात. त्यांनी मोजल्या तर आठ निघाल्या. एक आई चार्टर्ड अकाउंटंट होती. ती म्हणाली, खण सोडा, एकूण बघा, पंचेचाळीस यायला पाहिजेत. तिने सगळ्या एका ढिगात ओतल्या आणि मोजल्या, त्या सत्तेचाळीस भरल्या. निखिलने मोजल्या, चव्वेचाळीस. तिसऱ्याने दहा-दहाचे गठ्ठे करू म्हटलं, आणि गठ्ठे करताना कुणीतरी गुडघ्याने एक गठ्ठा उधळला. पाच मिनिटांत चटईभोवती सात-आठ शिकलेली माणसं ओणवी होऊन बोटं लावून मोजत होती. शंभरपर्यंत सगळ्यांना येत होतं. मुलं आपापलं काम सोडून बघायला आली आणि चटईबाहेर रांगेत उभी राहिली. चटईवर पाय देणारी सगळी मोठी माणसं होती.

अप्पा इंजिनिअर. तेही खुर्चीतून महाप्रयासाने उठले, वाकले, आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून चष्मा काढून समोरच्या शून्याच्या खणात ठेवला.

सईने तो उचलला. "अप्पाआजोबा," ती म्हणाली, "इथं काही ठेवायचं नसतं." आणि दोन्ही हातांनी चष्मा त्यांना परत दिला.

अप्पांनी तो घातला. खण बघितला, सईकडे बघितलं, आणि परत खुर्चीत जाऊन बसले. "तिला मोजू द्या," ते म्हणाले. "आपण सगळे बाजूला व्हा."

सईने तिसऱ्यांदा मोजल्या. नऊ खण भरले, एक रिकामा राहिला, आणि हातात एक चाती उरली. आता तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ही आपली नाहीये. कुणाची आहे?"

ती एकेकाला विचारत निघाली. बाबांना विचारलं, अप्पांना विचारलं, अकाउंटंट बाईंना विचारलं. शेवटी दारात आली. तिथे नाना उभे होते, गेलेच नव्हते.

"तुमची आहे का?"

"माझी होती बाळ," नाना म्हणाले, "पण मी तुला दिली. वरची आहे. राहू दे."

सईने थोडा विचार केला. "पण हिला घर नाही," ती म्हणाली.

नानांच्या तीन पिढ्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सई मग माझ्याकडे आली आणि चाती माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजी, हरवल्याच्या डब्यात ठेवा." मी लेबल लिहायला घेतलं.

सईने पेटी जागेवर ठेवली, चटई गुंडाळली. ताई कोपऱ्यातून आल्या, तिच्यापुढे खाली बसल्या, आणि विचारलं, "झालं?"

"झालं," सई म्हणाली.

एवढं बोलून ताई उठल्या आणि खिडकी नीट लावायला गेल्या. ती खिडकी उघडी नव्हती. बऱ्याच वेळाने वळल्या.

अप्पांनी जाताना मला सांगितलं की अबॅकसवाल्यांना वरच्या मजल्यावरची खोली दाखवा. मी म्हटलं, ती गळते. "मग गळते असं सांगा त्यांना," अप्पा म्हणाले. टिपणात मी लिहिलं: पालकांचे समाधान झाले.

निखिलने ग्रुपवर काही लिहिलं नाही. पंधरवड्याने मात्र माझ्याकडे नानांच्या दुकानाचा पत्ता मागायला आला. घरी एक पेटी असावी म्हणाला. नानांनी त्याला सेहेचाळीस चात्या दिल्या. ताईंनी आमची वरची चाती नानांना परत द्यायचा दोनदा प्रयत्न केला. दिलेलं परत घेत नाही, नाना म्हणाले. मागितली नव्हती, ताई म्हणाल्या. डब्यातल्या बाकीच्या वस्तू वर्षअखेर वाटल्या, तेव्हा हिला कुणी धनी नाही म्हणून मी ती घरी आणली.

ईशान, तू विचारशील की सई पुढे मोठी गणिती झाली का. ती अकरावीला आहे, भाज्यांच्या टोपल्यांची सुंदर चित्रं काढते आणि गणिताला कंटाळते. ओव्हाळताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे. सात चमचे आणते ना?"

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, लोणी काळभोरला. निवृत्तीनंतर त्या लेकीकडे राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फुलं. सोफ्यावरच्या उशा चढत्या क्रमाने लावलेल्या. तब्येत उतरली होती, चालताना भिंत धरत. नातीने चहाचा ट्रे आणला तेव्हा बोलता बोलता त्यांची नजर ट्रेवर गेली आणि तो टेबलावर टेकेपर्यंत तिथेच राहिली. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आल्या. भाजीची गाडी उभी होती. त्यांनी गवार घेतली. भाजीवाला तरुण होता, त्याला ठाऊक नव्हतं. त्याने पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली आणि गाडी पुढे लोटली. माझी रिक्षा वळत होती. मी मागे वळून पाहिलं, तर ओव्हाळताई रस्त्याच्या कडेने, हळूहळू, त्याच्या मागे चालल्या होत्या. जुडी दोन्ही हातांत धरलेली, ताट न्यावं तशी.

वर्ग अजून चालू आहे. नव्या ताई आहेत, त्या शाब्बास म्हणतात. पेटी तीच आहे, चात्या पंचेचाळीस आहेत, आणि शून्याचा खण रोज आधी पुसला जातो. नाना नाहीत. त्यांची वरची चाती माझ्या कपाटावर पेल्यात उभी आहे, लेबलासकट.

तुमची,
आजी